वापसीची केळी, पनीरचं पाणी, मक्याची भिजवण: आंबवून काय काय होतं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी यावल तालुक्यातली. घरी केळी, आणि शिक्षण जळगावच्या विद्यापीठात, सूक्ष्मजीवशास्त्राचं. रावेर-यावलचे केळीवाले, वेफर्स करणाऱ्या बचत गटातल्या बायका, जळगावचे डाळमिलवाले आणि धुळ्याकडचे दूधवाले मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एका जागी लिहून ठेवते आहे. ज्या कामात मी स्वतः हात घातला त्याची उत्तरं लांब झाली आहेत. बाकीची थोडक्यात.

ताई, आंबणं काय आणि सडणं काय? शेवटी माल खराबच होतो ना?

कुरडयांचे दिवस आठवा. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं. दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. तिसऱ्या दिवशी दाणा चिमटीत दाबला की पांढरा चीक बाहेर येतो. पाण्यातले लॅक्टिक जिवाणू आणि दाण्यातली स्वतःची एन्झाइमं मिळून कोंड्यापासून तो चीक सुटा करतात. हे झालं आंबवणं. तोच गहू हंड्यात पाणी न बदलता विसरून राहिला तर घरभर घाण सुटते आणि गहू उकिरड्यावर जातो. हे सडणं. गहू तोच, हंडाही तोच, पण दोन्ही वेळा दाण्यावर ताबा मिळवणारे जीव वेगळे.

ओल्या मालावर सूक्ष्मजीव येणारच. आपण त्यांना थांबवू शकत नाही, कोण आधी पोचणार एवढं मात्र ठरवू शकतो. हवा कोंडली तर लॅक्टिक जिवाणूंचं फावतं, साखर असली आणि हवा कमी असली तर यीस्टचं, आणि हवा मोकळी असली की बुरशीचं. आम्लता वाढून पीएच (आम्लता वाढली की उतरणारा आकडा) ४ च्या आसपास आला की सडवणारे बहुतेक जीव हतबल होतात. लोणचं, दही, मुरघास (हवा कोंडून आंबवलेला ओला चारा) हे सगळे याच एका गोष्टीवर टिकतात.

यातूनच माझं मुख्य सांगणं निघतं, आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात ते पुन्हा येईल: टाकाऊ माल ताजा असतानाच वेगळा काढा. वैशाखातल्या ४३-४४ अंशांत सोललेल्या केळीच्या सालीला तुम्ही फार तर अर्धा दिवस देऊ शकता. संध्याकाळी ढिगाऱ्यावर टाकलेली साल सकाळी आंबवायला घेतली, तर तिच्यात रात्रभर दुसऱ्याच कुणाचा कारभार चाललेला असतो.

खान्देशात असा माल निघतो तरी कुठे?

सगळ्यात आधी केळी. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाची केळी पेटीत जाते. नवतीचा (नव्या लागवडीचा), पिलबागेचा (आधीच्या झाडाच्या पिलांपासून धरलेल्या बागेचा) चांगला माल गाडीत चढला की मागे वापसी उरते: आखूड फण्या, डाग पडलेली, पिकू लागलेली केळी. मे-जूनच्या वादळात बाग आडवी झाली तर अख्खा हंगाम वापसीच्या भावात जातो, कधी त्या भावातही जात नाही. वेफर्सच्या युनिटमध्ये साल उरते, आणि साल म्हणजे फळाच्या वजनाचा ३० ते ४० टक्के भाग. शिवाय वावरात उभी खोडं आणि घडांचे दांडे.

मग जळगाव औद्योगिक वसाहतीतल्या डाळमिलांची चुरी आणि टरफल. कांदा वाळवणाऱ्या कारखान्यांतली पात, मुळं, साली. दोंडाईचाला मक्याच्या स्टार्चच्या कारखान्यातलं भिजवणीचं पाणी आणि चोथा. नंदुरबारच्या मिरची पथाऱ्यांवरचे (मिरची वाळवायच्या मैदानांवरचे) देठ आणि पांढरी पडलेली मिरची. शहाद्याकडच्या साखर कारखान्याची मळी (मोलॅसिस). आणि गावोगावच्या पनीर-चक्क्याचं पाणी, जे गटारीत जातं म्हणून कुणाच्या डोळ्यात येत नाही.

मग सगळंच आंबवायचं का?

नाही. डाळमिलची चुरी कोरडी असते, टिकते, आणि गुरं आवडीने खातात. तिला पाणी घालून आंबवणं म्हणजे चांगला विकला जाणारा माल मुद्दाम नाशवंत करणं. कोंड्यावर विशिष्ट बुरशी वाढवून एन्झाइमं काढणारे उद्योग आहेत, पण त्याला निर्जंतुक खोली, शुद्ध कल्चर (वेगळं वाढवलेलं सूक्ष्मजीवांचं विरजण) आणि प्रशिक्षित माणसं लागतात. शेडमध्ये जमण्यासारखं ते नाही.

माणसाच्या पोटात जाऊ शकतं ते आधी तिकडे. वापसीची कच्ची केळी वेफर्सला किंवा वाळवून पिठाला जात असेल तर ती आंबवू नका. त्यानंतर गुरांचा विचार. जे ओलं आहे, ज्याला आज गिऱ्हाईक नाही आणि जे उद्या वास मारणार आहे, त्याच्यासाठी आंबवणं आहे.

वापसीच्या केळीचा आणि सालीचा मुरघास होतो का?

होतो, आणि माझ्या मते आपल्या भागात सुरुवात इथूनच करावी. विकायला जावं लागत नाही, गिऱ्हाईक आपल्याच गोठ्यात बांधलेलं असतं.

मक्याचा मुरघास आता बऱ्याच जणांना माहीत आहे. त्यात ६५ ते ७० टक्के ओल असते. केळीची अडचण ही की ती फार ओली. पिकलेल्या आख्ख्या केळीत साधारण ७५ टक्के पाणी, सालीत त्याहून जास्त, ८५-८८ टक्क्यांपर्यंत. तशीच दाबली तर खाली रस साचतो, रसाबरोबर साखर वाहून जाते आणि उरलेला लगदा बिघडतो. म्हणून त्यात कोरडी कुट्टी मिसळायची. दादरचा (रब्बी ज्वारीचा) कडबा सगळ्यात चांगला, नसेल तर मक्याची किंवा गव्हाची चालते. हिशोब असा: १०० किलो ताज्या सालीला सुमारे ३५ किलो कोरडी कुट्टी, आणि १०० किलो आख्ख्या केळीला १२ ते १५ किलो. मिश्रण मुठीत घट्ट दाबून मूठ उघडली की गोळा हळूहळू सुटायला हवा आणि बोटांतून पाणी ओघळता कामा नये. या मुठीच्या परीक्षेवर माझा हिशोबापेक्षा जास्त भरवसा आहे, कारण कुट्टीतली ओल रोज वेगळी असते.

पिकलेल्या केळीत साखर भरपूर, तिथे गूळ लागत नाही. हिरवी साल असेल तर १-२ टक्के गूळ पाण्यात विरघळवून शिंपडा. हिरव्या केळीतला बराच भाग स्टार्च असतो आणि लॅक्टिक जिवाणूंना तो पटकन वापरता येत नाही.

मग थर, दाबणं, पुन्हा थर, पुन्हा दाबणं. मुरघासाच्या मोठ्या प्लास्टिक पिशवीत भरताना माणसाने आत उभं राहून तुडवावं लागतं. हवा राहिली तिथे बुरशी येते, यात तडजोड नाही. तोंड बांधल्यावर ४५ दिवस हात लावू नका. उंदराने पिशवीला भोक पाडलंय का ते तेवढं आठवड्याला बघा आणि दिसताच चिकटपट्टी लावा.

उघडल्यावर वास आंबटगोड, रंग पिवळसर तपकिरी, पीएच पट्टीवर ४ च्या आसपास. खवट तुपासारखा वास आला तर तो ब्युटिरिक आम्लाचा, म्हणजे माल बिघडला. वरचा बुरशीचा थर काढून खालचा खायला घालण्याचा मोह होतो. घालू नका. पुढे बुरशीच्या प्रश्नात त्याचं कारण आहे.

गुराला पहिल्या दिवशी दीड-दोन किलोच, मग आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा. एकदम घातलं तर साखर-आम्लाने पोट बिघडतं. केळीत प्रथिनं कमी, त्यामुळे सरकीची ढेप किंवा चुरी बंद करायची नाही. मुरघास चाऱ्याची जागा घेतो, खुराकाची घेत नाही.

केळीचं व्हिनेगर करता येतं असं ऐकलं. खरंच?

येतं. दोन पायऱ्यांचं काम आहे. पहिल्या पायरीत यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं, दुसरीत ॲसिटिक जिवाणू हवेतला ऑक्सिजन घेऊन त्या अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल करतात. पहिलीला हवा नको, दुसरीला हवा हवीच. घरगुती प्रयोगांत बहुतेक घोटाळे इथे होतात: दोन्ही पायऱ्या एकाच बंद बरणीत व्हाव्यात अशी अपेक्षा असते.

केळ पूर्ण पिकलेलं घ्या. कच्च्या गरात २० टक्क्यांच्या आसपास स्टार्च असतो, पिकताना त्याची साखर होते आणि स्टार्च एक-दोन टक्केच उरतो. यीस्टला साखर लागते. साल काढा, गर कुस्करा, वजनाइतकंच पाणी घाला, एक उकळी देऊन ३० अंशांपर्यंत थंड करा. गर चिकट असतो, रस सुटत नाही. त्यासाठी पेक्टिनेज नावाचं एन्झाइम मिळतं, खाद्य दर्जाचं घ्या. मग यीस्ट घालून भांड्याला गॅस बाहेर जाऊ देणारं पण हवा आत न घेणारं झाकण. पाच ते सात दिवसांत बुडबुडे थांबतात.

आता गाळा. न उकळलेलं जुनं व्हिनेगर विरजणासारखं घाला, साधारण चौथा हिस्सा. पसरट भांडं, वर स्वच्छ कापड घट्ट बांधलेलं, कारण चिलटं येतातच. तीन ते सहा आठवडे लागतात. वर मऊ साय धरते, तिला हलवू नका. आम्ल वाढायचं थांबलं की ताबडतोब भरून बंद करा. तसंच उघडं ठेवलं तर तेच जिवाणू आता ॲसिटिक आम्ल खाऊन त्याचं पाणी करतात.

१०० किलो गरात २० किलो साखर धरली, तर कागदावर तिचं १३ किलो ॲसिटिक आम्ल होतं. हाती दोन तृतीयांश आलं तरी ५ टक्क्यांचं सुमारे १८० लिटर व्हिनेगर. आंबवलेल्या व्हिनेगरात किमान ३.७५ टक्के ॲसिटिक आम्ल हवं असा अन्नसुरक्षेचा नियम आहे, त्यामुळे पाणी वाढवून लिटर वाढवायच्या फंदात पडू नका. आम्ल जिभेवर मोजता येत नाही. जवळच्या विज्ञान महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात टायट्रेशन करून घ्या.

भांडं काचेचं, खाद्य दर्जाच्या प्लास्टिकचं किंवा चांगल्या स्टीलचं. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, लोखंड चालत नाही.

आमचा पहिला मोठा घाणा एप्रिलमध्ये लावला होता. पत्र्याच्या शेडमध्ये, २०० लिटरच्या पिंपात. बाहेर ४४ अंश, आणि आंबताना माल स्वतःही तापतो. तिसऱ्या दिवशी बुडबुडे थांबले. आम्हाला वाटलं लवकर झालं. खरं तर यीस्ट उष्णतेने मेलं होतं, साखर तशीच होती, आणि आठवड्याभरात त्यावर भलतंच काहीतरी वाढलं. तो सगळा माल खतात गेला. तेव्हापासून आम्ही हे काम कार्तिक ते माघ एवढंच करतो. उन्हाळ्यात करायचं असेल तर जमिनीत अर्धी पुरलेली टाकी आणि भोवती ओली पोती, आणि थर्मामीटर रोज दोनदा.

मधल्या पायरीत दारू होते. पोलीस त्रास देणार नाहीत का?

प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. घाणा लावण्याआधी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा कार्यालयात लेखी विचारा आणि लेखी उत्तर हातात आल्याशिवाय व्यावसायिक काम सुरू करू नका. ते अल्कोहोल गाळणं, म्हणजे भट्टी लावणं, कोणत्याही परिस्थितीत नाही. विकायचं असेल तर अन्नसुरक्षा विभागाची नोंदणी वेगळी लागते.

पनीरचं पाणी ओतून देतो. त्याचं काय होईल?

दुधाचं पनीर होतं पाचवा हिस्सा, उरलेलं बहुतेक पाणीच. त्या पाण्यात दुधातली जवळजवळ सगळी साखर असते, साडेचार-पाच टक्के. ओतल्यावर ती कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. मोजायची रीत अशी की एका लिटरला किती मिलिग्रॅम प्राणवायू लागतो ते बघतात. शहरी सांडपाण्याला २०० ते ३०० लागतो, पनीरच्या पाण्याला ३० ते ५० हजार. म्हणजे तुम्ही एक लिटर ओतलं की नाल्याला शंभरभर लिटर सांडपाणी ओतल्यासारखं. गावच्या नाल्यावर काळा थर आणि सडक्या अंड्यांचा वास कशाने येतो हे विचारणाऱ्यांना मी हा आकडा सांगते.

बेकरीचं यीस्ट दुधातली साखर पचवू शकत नाही. तिच्यासाठी क्लुइव्हेरोमायसिस नावाचं यीस्ट लागतं आणि ते किराणा दुकानात मिळत नाही. म्हणून लहान डेअरीने अल्कोहोलच्या मागे लागू नये. ताजं असेल तर गुरांना पाजा, कणीक भिजवा, नाहीतर बायोगॅसला द्या.

चक्क्याचं पाणी मात्र वेगळं धरा. पनीर तापवलेल्या दुधाचं असल्याने त्याच्या पाण्यात जिवंत जिवाणू जवळजवळ नसतात. चक्का दह्याचा, त्यामुळे त्याच्या पाण्यात लॅक्टिक जिवाणू जिवंत असतात. मुरघास भरताना कुट्टीवर हे पाणी शिंपडलं की विकतचं कल्चर आणायची गरज बरीच कमी होते. श्रीखंड करणाऱ्या ताईंनी आणि मुरघास करणाऱ्या दादांनी एकमेकांचे नंबर घेऊन ठेवावेत असं मला मनापासून वाटतं.

स्टार्च कारखान्याच्या पाण्यात असं काय असतं?

हे उत्तर मला सगळ्यात आवडतं.

स्टार्च काढण्यासाठी मका ३० ते ५० तास, सुमारे ५० अंशांच्या कोमट पाण्यात भिजवतात. पाण्यात थोडा सल्फर डायऑक्साइड असतो. त्या टाकीत लॅक्टिक जिवाणू वाढतात, दाणा मऊ पडतो आणि स्टार्च प्रथिनांपासून सुटतो. आईच्या कुरडयांच्या हंड्यात गव्हाचं जे होतं, तेच इथे मक्याचं होतं. दाण्यातली विरघळणारी प्रथिनं, जीवनसत्त्वं, क्षार त्या पाण्यात उतरतात. पाणी आटवलं की तपकिरी दाट द्रव उरतो, त्याला कॉर्न स्टीप लिकर म्हणतात.

१९४१ मध्ये ऑक्सफर्डचे शास्त्रज्ञ फ्लोरी आणि हीटली पेनिसिलिनची बुरशी घेऊन अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावी गेले. महायुद्ध चालू होतं, औषध हवं होतं आणि बुरशी ते अगदी थेंबाथेंबाने देत होती. पिओरिया मक्याच्या पट्ट्यातलं गाव. तिथल्या सरकारी प्रयोगशाळेत हे मक्याचं पाणी बुरशीला खाऊ घातलं गेलं आणि उत्पादन अनेक पटींनी वाढलं. ज्या द्रवाचं काय करायचं हा स्टार्च कारखान्यांपुढचा प्रश्न होता, त्याच्या आधारावर पेनिसिलिन कारखान्यात तयार होऊ लागलं. आजही प्रतिजैविकं, एन्झाइमं, अमिनो आम्लं बनवणारे उद्योग हा द्रव विकत घेतात.

दोंडाईचाच्या रस्त्याने जाताना मला ते आठवतं. आपल्याकडे मका आहे, स्टार्च आहे, जळगावला सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी मुलं-मुली आहेत. हे विद्यार्थी पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत जाऊन हेच द्रव पिंपांमधून वापरतात.

कांद्याची पात-साल आणि मिरचीचे देठ?

कांदा गुरांना जास्त घालू नका, आंबवूनही नाही. त्यातल्या गंधकाच्या संयुगांनी जनावराच्या तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी लाल होते. बायोगॅसमध्ये शेणाबरोबर थोडा थोडा चालतो.

मिरचीच्या देठांचं कंपोस्ट. ताज्या लाल मिरचीचं मीठ घालून आंबवलेलं सॉस छान होतं आणि नंदुरबारला ते व्हायला हवं, पण ते चांगल्या मिरचीचं. पांढरी पडलेली मिरची त्यात घालायची नाही.

बुरशी लागलेला मका, शेंगदाणा, मिरची आंबवली की विष मरतं ना?

मरत नाही. हे उत्तर कृपया पुढे पाठवा.

पिवळसर हिरव्या बुरशीपैकी काही जाती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष करतात. ते शिजवून जात नाही आणि साध्या आंबवण्यावर विसंबून राहण्याइतकं कमीही होत नाही. मक्यापासून अल्कोहोल काढल्यावर उरलेल्या चोथ्यात तर ते सुमारे तिप्पट दाट होतं, कारण स्टार्च निघून जातो आणि विष मागे राहतं. असा चोथा किंवा ढेप गायीने खाल्ली की विष दुधात उतरतं. आपल्याकडे धान्य आणि शेंगदाण्यात किलोमागे १५ मायक्रोग्रॅम, दुधात ०.५ मायक्रोग्रॅम एवढीच मुभा आहे. हे आकडे इतके लहान आहेत की डोळ्याला, नाकाला, जिभेला काहीही कळत नाही. ते दूध शेवटी आपल्याच घरातली लेकरं पितात. बुरशीचा माल ना माणसाला, ना गुराला.

बायोगॅस सोपा नाही का? सगळं एकाच टाकीत.

सोपा वाटतो. शेणाचा सोपा आहेच: २५ किलो ताज्या शेणाला साधारण एक घनमीटर गॅस, म्हणजे ४५० ग्रॅम सिलिंडरच्या गॅसइतकं जळण. फळांच्या आणि खरकट्याच्या टाकाऊ मालात पटकन पचणारी साखर-स्टार्च जास्त, त्यामुळे वाळलेल्या वजनावर तो शेणाहून पुष्कळ जास्त गॅस देतो. पुण्याच्या आरती या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, याच तत्त्वावर घरगुती संयंत्र केलं आणि त्याला २००६ मध्ये ब्रिटनचा, शाश्वत ऊर्जेच्या कामासाठी दिला जाणारा ॲशडेन पुरस्कार मिळाला.

पण टाकीत जिवाणूंच्या दोन टोळ्या काम करतात. एक आम्ल करते, ती झपाट्याने. दुसरी त्या आम्लाचा मिथेन करते, ती सावकाश. केळीचा लगदा एकदम ओतला की पहिली टोळी पुढे पळते, पीएच ६.५ च्या खाली जातो आणि दुसरी टोळी काम थांबवते. गॅस येतो पण पेटत नाही, कारण तो बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. असं झालं तर भरणा आठवडाभर बंद ठेवा, शेणकाला घाला, थोडा चुना द्या. नंतर रोजचा माल थोडा आणि सारखा. शेण कायम मिसळत राहा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत गॅस कमी येणार, घाबरू नका. बाहेर पडणारी स्लरी केळीला उत्तम.

साखर कारखान्याची मळी?

तो मोठ्या कारखान्यांचा खेळ आहे आणि तो जोरात चालू आहे. एक टन मळीतून सव्वादोनशे लिटरच्या आसपास अल्कोहोल निघतं, ते इथेनॉल म्हणून पेट्रोलमध्ये जातं. मागे उरणारं काळं सांडपाणी हाच खरा प्रश्न, एका लिटर अल्कोहोलला ८ ते १५ लिटर. ते आधी बायोगॅसमधून काढून मगच पुढच्या प्रक्रियेला द्यावं लागतं.

यूट्यूबवरचं बायो-एन्झाइम करू का?

एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, नव्वद दिवस. फरशी पुसायला घरापुरतं करा, हरकत नाही. ते मुख्यतः आंबट, सौम्य व्हिनेगरसारखं पाणी असतं आणि आम्लामुळेच फरशी स्वच्छ होते. नाल्याचं पाणी शुद्ध होतं, रोग बरे होतात, हे दावे सोडून द्या. धंदा म्हणून मी त्याच्या विरोधात आहे: तीन किलो सालीसाठी एक किलो गूळ, म्हणजे टाकाऊ वाचवायला खाण्याची वस्तू खर्च करणं. आणि पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून गॅस सोडा. काचेची बाटली तर मुळीच नको, फुटते.

यात धोका काय?

खड्डा आणि टाकी. आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो, तो हवेपेक्षा जड असतो आणि खड्ड्याच्या तळाशी साचतो. बायोगॅसच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याचा सडक्या अंड्यासारखा वास सुरुवातीला येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं आणि माणसाला वाटतं गॅस गेला. एक जण उतरतो, पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, तोही पडतो. अशा बातम्या दरवर्षी वाचतो आपण.

टाकीत उतरायचं नाही. काम अडलं तर अडू दे. साफ करायची असेल तर वरून पंपाने, आणि उतरणं टळतच नसेल तर श्वसनयंत्र, दोर आणि वर दोन माणसं असलेल्या प्रशिक्षित लोकांकडूनच. मेणबत्ती सोडून बघण्याची जुनी रीत बायोगॅसच्या टाकीवर वापरू नका, मिथेन पेट घेतो.

पैसे सुटतात का?

मुरघासात सुटतात, कारण चारा विकत घ्यावा लागत नाही आणि माल नासायच्या आत जिरतो. व्हिनेगरात सुटायला वेळ लागतो. दुकानात पातळ केलेल्या ॲसिटिक आम्लाचं कृत्रिम व्हिनेगर फार स्वस्त मिळतं, त्याच्याशी भावात स्पर्धा होणार नाही. फळापासून आंबवलेलं आहे हे ज्याला कळतं आणि हवं आहे, त्यालाच ते विकायचं. लोणची, सॉस करणारे गट हे पहिले गिऱ्हाईक. आधी गिऱ्हाईक, मग पिंप.

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना २०२० मध्ये आली. त्यात कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के, कमाल १० लाखांचं अनुदान ठेवलं होतं, आणि 'एक जिल्हा एक उत्पादन'मध्ये जळगावचं उत्पादन केळीच आहे. मुदत आणि अटी कृषी अधीक्षक कार्यालयात विचारून मगच प्रकल्प अहवालावर खर्च करा.

सुरुवात कुठून करू?

वजनकाट्यापासून. सात दिवस, रोज दोनदा, काय आणि किती किलो टाकलं ते वहीत लिहा: साल वेगळी, आख्खी केळी वेगळी, पाणी वेगळं. किती वाजता निघालं आणि किती वाजता उचललं तेही लिहा. पालचं, ममुराबादचं, धुळ्याचं किंवा नंदुरबारचं कृषी विज्ञान केंद्र जे जवळ असेल तिथे, किंवा जळगावच्या केळी संशोधन केंद्रात ती वही घेऊन जा. वही नसताना गेलात तर सर्वसाधारण सल्ला मिळतो, वही असली तर तुमच्या मालाबद्दल बोलणं होतं. मुरघासाची पहिली पिशवी ५०० किलोची भरा, त्याहून मोठी नको. भरल्याची तारीख पिशवीवर रंगाने लिहायला विसरू नका, ४५ दिवसांनी ती कुणालाच आठवत नाही.